कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या गुरुवारच्या बैठकीत गेल्या महिन्यात एका सभासदांचे अभिनंदन झाले. सात वर्षांपूर्वी जठराच्या कॅन्सरसाठी त्यांचे मोठे ऑपरेशन झाले होते आणि त्यातून ते उत्तम सावरले. ‘ज्याला कॅन्सर होऊन गेला त्याला अल्झायमर होत नाही, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे,’ हा सध्या व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश एकाने मोठ्याने वाचून दाखवला आणि वर म्हणाले, “तुम्ही सुटलात बुवा! एक भोगलंत, दुसरं टळलं.” टाळ्या वाजल्या, चहा आला. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. जिन्यापाशी चपला घालताना त्यांनी मला बाजूला घेतले. “मॅडम, यांनी या महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले, आणि दिल्याचं दोन्ही वेळा आठवत नाही. पण त्या मेसेजप्रमाणे यांना तसलं काही होणार नाही ना?” एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवूनही त्या जिन्यात मला त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे. कात्री लावायची झाल्यास आकड्यांना लावावी, आमच्या आत्याबाईंच्या परिच्छेदाला लावू नये, ही विनंती.

प्रथम हे सांगितले पाहिजे की तो संदेश निव्वळ थाप नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयविकाराची पाहणी चालू आहे. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांबद्दल आपले डॉक्टर आज जे बजावतात, त्यातले बरेचसे या गावाने जगाला शिकवले. याच पाहणीतील ६५ वर्षे व त्यापुढील १,२७८ व्यक्तींवर सरासरी १० वर्षे नजर ठेवून २०१२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कॅन्सर होऊन गेलेल्यांमध्ये अल्झायमरचा धोका इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि ज्यांना आधी अल्झायमर झाला त्यांच्यात पुढे कॅन्सरचे निदान होण्याचे प्रमाण त्याहूनही बरेच घटलेले होते. पुढच्याच वर्षी उत्तर इटलीतील साठी उलटलेल्या २,०४,४६८ रहिवाशांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि तिथेही तेच चित्र दिसले : कॅन्सरच्या रुग्णांत अल्झायमर ३५ टक्क्यांनी कमी, अल्झायमरच्या रुग्णांत कॅन्सर जवळपास निम्म्याने कमी. दोन्ही म्हातारपणाचे आजार, दोन्हींचा धोका वयाबरोबर वाढत जाणारा. तेव्हा ते एकाच घरी वरचेवर भेटायला हवेत. प्रत्यक्षात त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य निघाले.

हे असे का असावे, याचे उत्तर पेशीच्या स्वभावात शोधावे लागते. कांद्याच्या मुळाचे कोवळे टोक रंगवून, काचपट्टीवर अंगठ्याने दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की विभागणाऱ्या पेशी दिसतात. विज्ञान शाखेतून गेलेल्या बहुतेक वाचकांनी हे प्रात्यक्षिक केले असेल. गुणसूत्रे मधोमध रांगेत उभी राहतात, दोन्ही टोकांकडे ओढली जातात, एकाच्या दोन पेशी होतात. आपल्या त्वचेत, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत हे जन्मभर चालू असते. मेंदूतील चेतापेशी मात्र जवळजवळ सगळ्याच या व्यवहारातून कायमच्या निवृत्त झालेल्या असतात. ज्या पेशीत शाळेच्या पहिल्या दिवसाची आठवण गुंतलेली आहे, तिने दुभंगून चालणार नाही. विभागणाऱ्या पेशीचा बिघाड म्हणजे थांबायचे विसरणे, आणि तोच कॅन्सर. निवृत्त पेशीचा बिघाड म्हणजे अकाली मरणे. विशेष म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत काही चेतापेशी मरण्यापूर्वी विभाजनाची तयारी करताना आढळल्या आहेत : आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढायला त्या सुरुवात करतात, पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि त्या नष्ट होतात. ज्या हालचालीने आतड्यात गाठ वाढली असती, तिनेच मेंदूत मृत्यू ओढवतो.

हे दोन्ही टोकांचे व्यवहार सांभाळणारी प्रथिने बऱ्याच अंशी तीच आहेत. १९७९ मध्ये सापडलेले पी-५३ हे प्रथिन पेशीतल्या डीएनएला इजा झाली की विभाजन रोखते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरण पत्करायला लावते. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. मग हा पहारेकरी अधिक कडक केला तर? २००२ मध्ये पी-५३ जास्त सक्रिय असलेल्या उंदरांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांना गाठी फारशा झाल्या नाहीत, पण त्यांची हाडे ठिसूळ झाली, पाठीला कुबड आले, आणि ते आपल्या भावंडांच्या आधी म्हातारे होऊन मेले. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचीही कुजबुज थांबत असे.

याहून नेमके उदाहरण पिन-१ या विकराचे (एन्झाइमचे) आहे. प्रथिन म्हणजे घडी घातलेली लांब साखळी. तिच्या काही ठरावीक सांध्यांवर बिजागरीसारखा पीळ देऊन तिचा आकार बदलायचा, एवढेच पिन-१ चे काम. मात्र त्या पिळावर पुष्कळ काही अवलंबून असते. विभाजनाला चालना देणारी प्रथिने त्याने बळकट होतात, आणि अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये पिन-१ प्रमाणाबाहेर वाढलेले आढळते. चेतापेशीत हाच विकर टाऊ नावाच्या प्रथिनाला सरळ ठेवतो. अल्झायमरमध्ये टाऊचा गुंता होऊन पेशीच्या आत दोऱ्यांच्या गाठी बसतात, आणि त्या मेंदूत पिन-१ कमी पडलेले दिसते. ज्या उंदरांमध्ये हे जनुकच काढून टाकले, त्यांच्यात वय वाढताच टाऊचा गुंता आणि चेतापेशींची हानी दिसली. त्याच जातीच्या उंदरांमध्ये स्तनाच्या कॅन्सरला कारण ठरणारी जनुके घातली तेव्हा ट्यूमर मात्र सहजासहजी वाढले नाहीत. एक बिजागरी काढली. एक दार बंद झाले, दुसरे सताड उघडले.

ऊर्जेच्या हिशेबातही असाच विरोध आहे. प्राणवायू भरपूर असतानाही कॅन्सरच्या पेशी साखर अर्धवट आंबवून वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. ही उधळपट्टी परवडते, कारण त्यातून नव्या पेशींसाठी कच्चा माल हाती लागतो. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खाणारा. चेतापेशी प्राणवायू वापरून साखर पुरेपूर जाळतात आणि ती भट्टी मंदावली की आधी त्याच कोमेजतात.

मात्र या विरोधाचे सरळसोट सूत्र करू नये. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. अल्झायमरच्या मेंदूत पेशींबाहेर साचणारे अमायलॉइड ज्यापासून तयार होते त्या प्रथिनाचे जनुक याच गुणसूत्रावर असल्याने चाळिशीपर्यंत या व्यक्तींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा जवळपास हमखास दिसतात. त्यांच्यात स्तन, फुप्फुस यांसारख्या अवयवांच्या गाठी इतरांपेक्षा कमी आढळतात हे खरे. पण लहानपणी रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका मात्र कितीतरी जास्त असतो. पार्किन्सनचेही तसेच. बहुतेक कॅन्सर कमी, पण त्वचेचा मेलानोमा जास्त. तेव्हा ‘कॅन्सर’ हा एक आजार नाही आणि ‘स्मृतिभ्रंश’ हाही एक नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन जो स्मृतिभ्रंश येतो, त्याच्याशी कॅन्सरचे असे वैर स्पष्ट दिसलेले नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या शहरात हे कलम त्या संदेशात पहिल्या ओळीत असायला हवे होते.

आता आकड्यांकडे. कॅन्सरचा रुग्ण अल्झायमर होण्याच्या वयापर्यंत जगलाच नाही, तर त्याला अल्झायमर ‘झाला नाही’ असेच गणले जाणार, हा आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो. फ्रेमिंगहॅमच्या संशोधकांनी त्यावर एक चांगली युक्ती केली : त्यांनी त्याच लोकांमधला पक्षाघात मोजला. तोही म्हातारपणचाच आजार. लोक लवकर गेल्यामुळे अल्झायमर कमी दिसत असेल, तर पक्षाघातही कमी दिसायला हवा. धूम्रपानाशी संबंधित कॅन्सर झालेल्यांत तो उलट जास्त निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेतीलच एका मोठ्या पाहणीतून आणखी मजेशीर गोष्ट समोर आली. १४,५८३ प्रौढांची स्मरणशक्ती सोळा वर्षे वरचेवर मोजली गेली होती. ज्यांना पुढे कॅन्सर निघाला, त्यांची स्मरणशक्ती निदानाच्या आधीच्या वर्षांतही सुमारे १० टक्के कमी वेगाने घसरत होती. निदानाच्या सुमारास ती एकदम खाली आली, आणि नंतर पुन्हा आपल्या जुन्या, संथ उताराला लागली. म्हणजे काहीतरी आधीपासूनच, शरीराच्या घडणीतच असावे. किमोने मेंदू वाचवला असा याचा अर्थ निघत नाही.

असे असले तरी २०२० मध्ये २२ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा कॅन्सर झालेल्यांत अल्झायमरचा धोका कमी भरला तो ११ टक्क्यांनी. एक तृतीयांश कुठे आणि ११ टक्के कुठे! समजा, एखाद्या वयोगटातील शंभरांपैकी दहांना अल्झायमर होणार असेल, तर कॅन्सर होऊन गेलेल्या शंभरांपैकी नऊ जणांना तो होईल. ‘होत नाही’ या शब्दांना यात कुठेही जागा नाही. नऊ माणसे म्हणजे आमच्या संघाच्या सभागृहातली एक अख्खी रांग.

या नात्याची दुसरी बाजू, म्हणजे ‘अल्झायमर झालेल्यांना कॅन्सर कमी होतो’ हा भाग, मला जास्त अस्वस्थ करतो, आणि त्याचे कारण आमच्या घरात घडलेले आहे. माझ्या यजमानांच्या आत्याबाई शेवटची सहा वर्षे आमच्याकडे होत्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना स्वयंपाकघराची वाट सापडेनाशी झाली, पुढे आम्ही कोण तेही. त्यांचा उजवा हात सारखा पदराखाली डाव्या छातीशी जायचा. आम्हाला वाटले, सोन्याची जुनी माळ चाचपण्याची सवय. माळ तर केव्हाच काढून ठेवलेली होती. रात्री त्या ओरडायच्या, उठून दाराशी जायच्या, अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी प्रश्न विचारले, आत्याबाईंनी उत्तरादाखल भोंडल्याचे गाणे म्हटले, डॉक्टर हसले, आणि झोपेची गोळी वाढवून म्हणाले, “या वयात असं चालायचंच.” साठी बुद्धी नाठी, एवढ्यावर निदान आटोपले. लुगड्यावरून स्टेथोस्कोप फिरला, पण तपासणीच्या टेबलावर त्यांना कोणी निजवले नाही. चार महिन्यांनी अंघोळ घालणाऱ्या मावशींनी मला मोरीतूनच हाक मारली. पोलक्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा पिवळसर डाग होता, आणि त्याखाली सुपारीसारखी टणक, त्वचेला चिकटलेली गाठ. बायोप्सीत स्तनाचा कॅन्सर निघाला. वय आणि अवस्था पाहून छोटे ऑपरेशन केले, हार्मोनच्या गोळ्या दिल्या. जखम भरली त्या आठवड्यापासून आत्याबाई रात्री झोपू लागल्या. ज्याला आम्ही म्हातारचळ समजत होतो, त्यातला बराचसा भाग दुखणे होता.

त्या चार महिन्यांत एखाद्या पाहणीची माणसे आमच्या दारी आली असती, तर त्यांनी आत्याबाईंच्या नावापुढे ‘स्मृतिभ्रंश : आहे, कॅन्सर : नाही’ असेच लिहून नेले असते. मावशींचे लक्ष गेले नसते तर ती नोंद कायमची तशीच राहिली असती, आणि विळ्या-भोपळ्याच्या सख्याला आमच्या घरातून एक पुरावा मिळाला असता. इटलीच्या अभ्यासकांनी या दोषाचा विचार करून निदानाच्या आधीचा काळही तपासला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण जिथे दुखते ते सांगू शकणाऱ्या बायकांचीसुद्धा स्तनतपासणी सर्रास होत नाही, त्या आपल्याकडे सांगू न शकणारीची कोण करणार? ‘कमी आढळतो’ आणि ‘कमी होतो’ यांत जे अंतर असते, ते मिलानमध्ये थोडे असेल. आपल्या वाड्या-वस्त्यांत आणि फ्लॅटच्या मागच्या खोल्यांत ते फार मोठे आहे.

आता आमच्या अभिनंदन झालेल्या सभासदांकडे येते. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. जिन्यातल्या संभाषणानंतर आठवड्याभरात त्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी नेले. रक्तात बी-१२ अगदी तळाला गेलेले निघाले. हे जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यासाठी जठराच्या अस्तरातून स्रवणारे एक प्रथिन लागते; जठराचा मोठा भाग काढल्यावर ते पुरेसे मिळत नाही. यकृतात साठा असतो, त्यामुळे तुटवडा लगेच जाणवत नाही, काही वर्षांनी जाणवतो, आणि तोवर सगळे जण ऑपरेशन विसरलेले असतात. म्हणजे ज्या कॅन्सरने त्यांना विसरण्यापासून ‘वाचवले’ म्हणून टाळ्या पडल्या, त्याच्याच उपचाराने विसरणे आले होते. इंजेक्शने सुरू आहेत. दूधवाल्याची वही सध्या काकूंकडे आहे, पण गेल्या गुरुवारी काकांनी संघाचा मासिक जमाखर्च स्वतः वाचून दाखवला आणि माझी पाच रुपयांची चूकही काढली. बी-१२ असो, थायरॉइड असो किंवा नैराश्य, विसरण्याची ही कारणे सुधारता येण्यासारखी असतात. किमोनंतर काही महिने, कधी त्याहून अधिक काळ, लक्ष न लागणे आणि शब्द न सुचणे हेही अनेक रुग्णांना भोगावे लागते. ‘तुम्हाला ते होणारच नाही’ या दिलाशापोटी तपासणी लांबली, तर नुकसान कोणाचे?

तुमच्या आरोग्य पुरवणीच्या संपादकांनाही एक सांगायचे आहे. अशा बातम्या छापताना प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, आणि धोका किती जणांवरून किती जणांवर आला, एवढे मथळ्याखाली एका ओळीत द्यावे. २०१२ मध्ये त्वचेतील एका प्रकारच्या लिम्फोमावरचे (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरवरचे) बेक्झॅरोटिन हे औषध उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड झपाट्याने साफ करते, अशी बातमी जगभर गाजली. पुढे इतर प्रयोगशाळांना तो परिणाम तसाच मिळवता आला नाही. ही दुसरी बातमी मात्र पहिल्या पानावर आल्याचे मला आठवत नाही. कॅन्सरची गोळी आठवणीसाठी मागणारे नातेवाईक अजून औषधांच्या दुकानांत दिसत नाहीत, पण त्या संदेशाचा वेग पाहता त्यालाही फार वेळ लागेल असे नाही.

भारतात साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये देशव्यापी पाहणीवरून मांडला गेला. पुण्यात कॅन्सरच्या रुग्णांची लोकसंख्याधारित नोंदवही १९७० च्या दशकापासून ठेवली जाते; देशातील जुन्यांपैकी ती एक आहे. पुण्याजवळच्या वढू परिसरातील गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवणारी यंत्रणाही गेली वीसेक वर्षे काम करीत आहे. या दोन्हींच्या जोडीला स्मृतिभ्रंशाची नोंद सुरू केली, तर इथल्या आहारात, इथल्या तंबाखूसह आणि इथल्या मधुमेहासह हे नाते कसे दिसते ते फ्रेमिंगहॅमकडून उसने न घेता आपल्याला पाहता येईल. ते होईल तेव्हा होवो. तोवर मेमरी क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी रुग्णाला टेबलावर निजवून पोट, छाती, काखा आणि तोंडाची आतली बाजू पाहावी, आणि रुग्णाबरोबर मुलगा-सून आली असली तरी एक प्रश्न घरी त्याला अंघोळ घालणाऱ्या व्यक्तीला फोन करून विचारावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
सहकारनगर, पुणे